मायतेच्या रायफलीचा नवा दस्ता

१९ ऑगस्ट

दस्ता आला. बसत नाही.

खोकं पोर्चमध्ये पडलं होतं, बूट न काढताच उघडलं. थरांचं लाकूड, राखाडी-तपकिरी पट्टे, बायकोच्या, मायतेच्या, मापाने आखूड करून मागवलेलं. देखणा आहे. रायफल वरून ठेवली आणि ती पुढच्या बाजूला बोटभर वरच अडून राहिली — लगवर.

लग म्हणजे काय हे मला यंदाच्या वसंत ऋतूपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो. नळीच्या मुळाशी खाली उतरलेला पोलादाचा दात. गोळी सुटली की रायफल मागे उसळते. तो सगळा धक्का हा दात लाकडातल्या खाचेच्या मागच्या भिंतीवर टेकून देतो. कारखान्यातून येतो तो पातळ असतो आणि बाजारातले दस्ते त्याच मापाने कोरलेले असतात. मायतेने नवी नळी घालून घेतली तेव्हा हट्टाने दीडपट जाडीचा लग बसवून घेतला. ‘जाड असू दे. आपल्या घरात सगळंच जाड आहे, तुझ्या आवाजापासून.’

जुना दस्ता तिने स्वतः कोरला होता. गेल्या नोव्हेंबरात बर्फावर घोडी घसरली, त्यात तो तडकला. ‘उन्हाळ्यात बघू,’ म्हणाली. फेब्रुवारीत तिच्या भावाचं, बेन्यातचं, अर्धं अंग गेलं आणि ती शेजारच्या राज्यात, आयडाहोला, माहेरच्या मेंढ्यांच्या रँचवर गेली. मेंढ्यांची वीण झाली की येते. वीण झाली. लोकर कातरून झाली. मेंढ्या डोंगरावर चढल्या. मी वाट बघतोय.

रायफल तयार असली तर ती येईल. एल्क हरणांच्या शिकारीच्या मोसमात ती या घराबाहेर कधी राहिलेली नाही. हा माझा युक्तिवाद आहे, आणि याहून लंगड्या युक्तिवादांवर मी सभा जिंकलेल्या आहेत.

२० ऑगस्ट

वॅन्डाच्या दुकानात गेलो. बंदुका, गळ, शिकारीच्या लायसन्सची खिडकी आणि गावातल्या सगळ्या बातम्या एकाच छपराखाली. आमच्या रस्त्याच्या लढ्यात ती पहिल्या रांगेत बसते आणि माझं भाषण लांबलं की मोठ्याने जांभई देते.

‘मास्तर, तू? आणि हातात कागद नाही?’

‘दस्ता बसत नाहीये.’

‘मायतेला पाठव.’

‘मायते असती तर मी आलो असतो का?’

तिने मग दस्ता हातात घेऊन खाचेत अंगठा फिरवला. ‘रुंद करायची ती पुढच्या बाजूने. मागच्या भिंतीला छिन्नी लावलीस की संपलं. रायफल मागे सरकेल आणि स्क्रू आपल्या भोकात उतरणार नाहीत.’

‘म्हणजे मागची भिंत पवित्र.’

‘सुरू करू नकोस. भिंत आहे, भिंत. ठेव इथे, एका दुपारचं काम आहे.’

‘मला करायचंय.’

‘बरं. बोटं तेवढी शाबूत ठेव. सभेत नाचवायला लागतात.’

निघताना तिने मागून विचारलं, मायतेने यंदाचं लायसन्स अजून कसं काढलं नाही. दरवर्षी मार्चमध्ये रांगेत पहिली असते. मी म्हटलं, आल्यावर काढेल. वॅन्डा काउंटर पुसत राहिली. तिला जे माहीत आहे ते मलाही माहीत आहे. सहा महिने तिकडे राहिलं की माणूस तिकडचा रहिवासी म्हणून लायसन्स घेऊ शकतो. आणि ते घेतलं की मोन्टानातलं रहिवासीपण गेलं. आमच्याकडे संसार मोडतात ते आधी या खिडकीवर. कोर्टात नंतर जातात, कधी जातही नाहीत.

सहा महिने या आठवड्यात भरतात.

२३ ऑगस्ट

मायतेचा फोन. बेन्यात आता काठीने अंगणापर्यंत येतो, पण शब्द हवा तो सापडत नाही; कुत्र्याला ‘चमचा’ म्हणतो आणि कुत्राही येतो. वरच्या कुरणात पाणी कमी झालंय. एक मेंढपाळ सोडून गेला. तिच्या आवाजात वारा होता, उघड्यावर उभी राहून बोलत असावी.

विचारायचं होतं एकच. त्याऐवजी मी तिला काउंटीच्या सुनावणीबद्दल सांगत बसलो — बाहेरून आलेल्या मालकाने डोंगराच्या रस्त्यावर फाटक घालून कुलूप लावलंय, शंभर वर्षं वहिवाटलेला रस्ता, लोकांच्या मालकीचं जंगल पलीकडे कोंडलेलं — हे सगळं तिला माहीत असताना.

‘आल्विन, मी सभेला आलेली नाही.’

‘माहीत आहे.’

‘जेवलास का?’

दस्त्याचं सांगितलं नाही. आल्यावर बघेल.

२४ ऑगस्ट

काही केलं नाही. छिन्नीला धार लावली, तेवढंच.

२७ ऑगस्ट

लगने लाकूड नेमकं कुठे अडतंय ते डोळ्यांना दिसत नाही. वॅन्डाने उपाय सांगितला: पोलादाला लिपस्टिक फास, रायफल खाचेत दाब, उचल, जिथे लाल उमटेल तेवढंच तास. ‘सगळे बायकोचीच चोरतात,’ म्हणाली.

मायतेची एकच आहे. न्हाणीघरातल्या खणात, भाचीच्या लग्नासाठी घेतलेली. टोपण काढलं तर टोकावर तिच्या ओठाचा उतार अजून तसाच. मी ती तिरपी धरून बाजूने वापरली, तो उतार मोडू नये म्हणून. थोड्या वेळाने तोही मोडला.

दाबायचं, उचलायचं, तासायचं. पुन्हा फासायचं. लाकूड भुग्यासारखं निघतं, चिमटीभर. दिवसभर मी तिच्या ओठांचा रंग लाकडावरून खरवडत होतो. मला हे कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, फार गोड झालं, वाक्य काढून टाका. पण तसंच होतं ते.

चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. जुन्या ग्रीक वक्त्यांची भाषणं मुलांकडून उभं राहून म्हणून घेतली. लोकांना फाटकासमोर उभं केलं, शेरीफसमोर उभं केलं. एका माणसाला परत बोलावण्याचं भाषण मात्र कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. शोधून झालं.

२९ ऑगस्ट

बसला. लग खाचेत उतरला, ॲक्शन, म्हणजे नळीमागचा पोलादी सांगाडा, लाकडाला टेकली, दोन्ही स्क्रू बोटांनी फिरले. मागच्या भिंतीला हात लावलेला नाही.

स्वयंपाकघरात रायफल टेबलावर ठेवून समोर बसून सूप प्यायलो.

३१ ऑगस्ट

सुनावणी. तिन्ही आयुक्त, हॉल भरलेला, भिंतीला लागून माणसं उभी. मी बोललो. चांगलं बोललो — हे मला कळतं, लोकांचे पाय हलायचे थांबतात तेव्हा. म्हटलं, माणसाची मुळं त्याच्या नावावरच्या जमिनीत नसतात, तो जिथे चालत जाऊ शकतो तिथे असतात. टाळ्या थांबेनात. मालकाचा वकील पाणी प्यायला.

घरी आलो. मायते असती तर बूट सोडता सोडता म्हणाली असती, ‘पहिली दहा मिनिटं कापली असतीस तर बरं झालं असतं.’ आणि तिचं बरोबर असतं. शांत घरात उभा राहून मी स्वतःच मनात ती दहा मिनिटं कापली. खरंच बरं झालं असतं.

२ सप्टेंबर

आज बेडिंग. लाकूड कितीही नीट कोरलं तरी पोलादाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून मध्ये एपॉक्सी गोंद भरतात आणि रायफल त्यात दाबून वाळू देतात. पोलादाला आधी मेण फासायचं, नाहीतर ते कायमचं चिकटतं. लगच्या पुढे, दोन्ही बाजूंना आणि तळाला टेप लावायची. नंतर टेप काढली की तिथे केसभर मोकळी जागा राहते. मागची बाजू तेवढी उघडी — तीच टेकायला हवी, बाकी कुठे नको.

बुटाच्या मेणाने सगळं चोळून काढलं. एपॉक्सी कालवलं, भरलं, दाबलं. कडेने जे बाहेर आलं ते पुसलं. मायतेने बघायला हवं होतं.

३ सप्टेंबर

निघत नाही.

स्क्रू काढले. हिसडा दिला. मुठीने ठोकलं. रायफल आणि दस्ता आता एकच वस्तू आहे.

दुपारभर डोक्याला हात लावून बसलो आणि मग आठवलं. मेणावर टेप चिकटेना, म्हणून मी लग अल्कोहोलने पुसला होता — पूर्ण पुसला. टेप लावली पुढे, बाजूला, तळाला. मागची बाजू उघडी ठेवली, अगदी नियमाप्रमाणे. उघडी म्हणजे उघडीच. मेणाशिवाय.

तिची रायफल. पंचवीस वर्षं या घराला मांस पुरवणारी. मी चिकटवून टाकली.

४ सप्टेंबर

वॅन्डाकडे गेलो असतो तर उद्या गावभर झालं असतं. मायतेलाच फोन केला.

‘या वेळेला? बरा आहेस ना?’

‘बरा आहे. एक विचारायचं होतं. समजा, एखाद्याने बेडिंग करताना लगच्या मागे मेण लावलं नाही—’

पलीकडे मेंढ्यांचे आवाज.

‘एखाद्याने.’

‘समजा म्हटलं.’

‘किती एपॉक्सी भरलं या एखाद्याने?’

‘सढळ हाताने.’

आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून. फोन कुठेतरी ठेवला असावा, कारण हसणं लांब गेलं आणि परत आलं. मी कान घट्ट लावून ऐकत राहिलो. तिने मला मूर्ख म्हटलं असतं तरी चाललं असतं.

‘वक्ते, फ्रीझर रिकामा कर. तिरकी मावेल. दिवसभर राहू दे. पोलाद आकसतं, एपॉक्सी ठिसूळ होतं. काढलीस की लगेच दस्ता मांडीत धर आणि नळीला खालून रबरी हातोडीने टकटक. टकटक म्हटलं. दार ठोठावतोस तसं नको. खाली गादी घाल, सुटली की उडेल.’

‘बरं.’

‘दस्ता कुठून आला?’

‘मागवला. तुझ्या मापाचा.’

हसणं थांबलं.

‘बेन्यात हाक मारतोय,’ म्हणाली.

५ सप्टेंबर

फ्रीझर रिकामा केला. मटार, दोन पाव, बर्फ झालेलं सूप. अगदी तळाशी बर्फात रुतलेलं एक पुडकं निघालं — गेल्या मोसमातल्या एल्कच्या पाठीचं मांस. मला वाटलं होतं ते जूनमध्येच संपलं.

ते बाहेर ठेवून वितळू दिलं आणि त्याच्या जागी रायफल ठेवली. संध्याकाळी तिच्या पद्धतीने केलं, लाल मिरच्या आणि लसूण घालून. तिच्यासारखं झालं नाही. ती लसूण आधी बाजूला काढते हे खाताना लक्षात आलं. तरी सगळं खाल्लं. तिने मारलेलं, तिने पाठीवर आणलेलं, तिने कापलेलं. आता या घरात त्यातलं काही उरलं नाही.

६ सप्टेंबर

टक. टक. टक. आणि डोळ्यांत पाणी येईल असा एक कडक आवाज — सुटली.

लगच्या मागच्या भिंतीवरचा पापुद्रा मात्र उखडून लगलाच चिकटून आला. तेवढं तासून पुन्हा भरायचं.

९ सप्टेंबर

काल पुन्हा भरलं. या वेळी मागची बाजू आधी मेणाने घासली. दोनदा. आज सकाळी ओठ फाकल्यासारखा आवाज करून रायफल आपोआप निघाली. लगचा ठसा खाचेत आरशासारखा उमटलाय.

१२ सप्टेंबर

वॅन्डाला घेऊन खडीच्या खाणीत गेलो. मी काही नेमबाज नाही. पण लाकडी ठोकळ्यावर टेकवून मारता येतं.

दस्ता मला आखूड पडतो. गाल पुढे घ्यावा लागतो, अंगठा नाकावर आपटतो, कोपराला जागा नाही. तिचं शरीर जिथे असायला हवं तिथे मी स्वतःला दुमडून बसवलं होतं. पहिल्या गोळीनंतर नाकातून रक्त.

‘मास्तर, बंदूक तुला ओळखत नाही,’ वॅन्डा म्हणाली.

तरीही तिन्ही गोळ्या एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ लागल्या. वॅन्डाने दुर्बिणीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं. ‘हे तू केलंस?’ मग आवाज उतरवून, ‘तिला कळव.’

१४ सप्टेंबर

कळवलं. म्हटलं, रायफल झाली. जुन्यापेक्षा चांगली मारते. मोसम येतोय. ये.

‘आल्विन.’

ती नुसतं माझं नाव घेऊन थांबते तेव्हा पुढे काहीतरी येणार असतं.

‘मी इथलं लायसन्स काढलं. परवा. रहिवासी म्हणून.’

मी म्हटलं, लायसन्सच तर आहे. ती म्हणाली, तसं नाही ते, तुला माहीत आहे. मी म्हटलं, बेन्यात बरा होईल. ती म्हणाली, होईल, पण मेंढपाळ होणार नाही. वडिलांनी उभं केलेलं हे विकून मी तिथे येऊन तुझ्या सभेत खुर्च्या लावू? मग मी बोलायला लागलो. आमची पंचवीस वर्षं काढली, घर काढलं, वचन काढलं. एकेक मुद्दा. मुद्दे चांगले होते.

‘मला सभेत उभं करू नकोस,’ म्हणाली. ‘मी तुझ्यावर रागावलेली नाही. मला इथे सकाळी उठावंसं वाटतं, एवढंच. तू तिथे आयुष्य काढून जे खोरं मागतोयस, तसं माझं इथे आहे. मी तुला ते सोडून ये म्हणणार नाही. तू मला म्हणू नकोस.’

‘आणि रायफल?’

‘रायफल माझी आहे. घेऊन ये कधी जमेल तेव्हा.’

१५ सप्टेंबर

चिडून लिहितोय, असू दे. माणूस म्हणजे सामान नव्हे, इथून उचलला तिथे ठेवला. मी या खोऱ्यात जन्मलो. आजोबा इथल्या खाणीत गेले, बाप इथल्या खाणीत खोकून मेला, मी इथल्या पोरांना शिकवलं की आपलं गाव सोडून जाणारा नेहमी म्हणतो, संधी मिळाली. राहणारा म्हणतो, लढलो. वर्गात हे म्हटलं की बाकांखाली टाचा वाजायच्या. आणि आता मी काय करू — रस्ता उघडायच्या आधी पाठ फिरवू? लोक काय म्हणतील ते सोडा. मी काय म्हणेन?

ती रागावलेली नाही म्हणते. रागावली असती तर समजूत काढता आली असती.

१७ सप्टेंबर

तिचं बरोबर आहे, हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. माझंही बरोबर आहे. याच्यावर काही बोलता येत नाही. दोघंही बरोबर असले की भाषण उभंच राहत नाही.

बिछान्याची तिची बाजू मी अजून नीट घडी करून ठेवतो.

२० सप्टेंबर

आयुक्तांनी निकाल पुढच्या वसंत ऋतूवर ढकलला. हॉलमध्ये आरडाओरडा. बाहेर पार्किंगमध्ये लोक माझ्याभोवती जमले आणि मी जिन्यावर चढून बोललो, कारण ते त्याचसाठी थांबले होते.

मग वॅन्डा माझ्यासोबत ट्रकपर्यंत आली. ‘वसंतात तूच बोलायचंस, मास्तर. दुसरं कोण आहे?’

‘तू आहेस.’

‘मी? मी तीन वाक्यांत आटपेन.’

‘तेवढीच लागतात,’ मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं.

२४ सप्टेंबर

रायफल ट्रकमध्ये. ती पोचवायची आणि रविवारी परत. मायतेला तसंच कळवलं.

२५ सप्टेंबर, आयडाहो

दारात तीच होती. बारीक झालीय, उन्हाने रापलीय, केस कापलेत. मिठी मारली नाही. आधी रायफल घेतली. स्वयंपाकघरातच स्क्रू काढून ॲक्शन उचलली, खिडकीपाशी नेली, लगच्या खाचेत नख फिरवलं. मी परीक्षेतल्या पोरासारखा उभा.

‘पुढे मोकळी. बाजूला मोकळी.’ नख मागच्या भिंतीवर थांबलं. ‘इथे कोणीतरी आधी रडलंय.’

‘एखादा असेल.’

बेन्यातने खुर्चीवरून हसून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘घोडा.’ मायते म्हणाली, तुला पाव्हणा म्हणायचंय त्याला. बेन्यातने जोरात मान हलवली — नाही. हवा तो शब्द शोधत राहिला, सापडला नाही, मग त्याने आपल्या शेजारची खुर्ची काठीने माझ्याकडे ढकलली.

अंगणात मायतेने रायफल खांद्याला लावली. लाकूड गालाशी आपोआप आलं. ती डोंगराकडे नेम धरून उभी राहिली, गोळी न भरता, नुसती. मी तिच्याकडे बघत होतो. सहा-सात महिन्यांत मला हेच हवं होतं, आणि ते इथे होतं.

२७ सप्टेंबर

दोन दिवस मेंढ्यांमागे चालतोय. पाय सुजलेत. मी अडखळलो की मायते थांबते, पण हात देत नाही. आज वरच्या कुरणात शेजारी बसलो होतो. ती म्हणाली, ‘दोन दिवस झाले, तू एकदाही लोकशाही म्हणाला नाहीस.’ मी म्हटलं, दम लागलाय.

रात्री ती आपल्या खोलीत झोपते, मी बेन्यातच्या खोलीतल्या खाटेवर. मधली भिंत पातळ आहे. ती कूस बदलते ते ऐकू येतं.

‘रविवारी लवकर नीघ,’ म्हणाली. ‘घाटात बर्फ पडणार आहे.’

२९ सप्टेंबर

औषधं आणायला मी काल तालुक्याला गेलो होतो. वाटेत काउंटीच्या कचेरीत शिरलो आणि इथल्या मतदारयादीत नाव घातलं. बाईंनी विचारलं, आधीचं नाव कुठे आहे? मोन्टानातल्या माझ्या गावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, मग ते तिथून काढावं लागेल, चालेल ना? मी हो म्हटलं. एवढंच बोललो.

मायतेला अजून सांगितलेलं नाही. ती बाहेर माझ्या ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधतेय, उद्याच्या घाटासाठी.